बाळंतिणीच्या घरी कोण जाणार, आणि त्याचा खर्च कोण करणार?

पुण्यात आमच्या सिंहगड रोडच्या भागात सहा वर्षं एक गट चालला. पंचवीसेक बायका आणि चार-पाच पुरुष, नुकतं बाळ झालेल्या घरी आठवड्यातून एकदा दोन तास जायचे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. जाऊन काय करायचं, तर बाळ मांडीवर घ्यायचं म्हणजे तिची अंघोळ होते, गरम भात पोटात जातो, आणि ती बोलायला लागली की ऐकायचं. औषध सांगायचं नाही, सासूची बाजू घ्यायची नाही, सुनेचीही घ्यायची नाही, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करायचा. तो फोन ज्यांना जायचा त्या आमच्या सिस्टर, निवृत्त नर्स, गेल्या उन्हाळ्यात सुनेच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या आणि अडीच महिन्यांत गट बंद पडल्यात जमा झाला. तेव्हापासून मीटिंगमध्ये, जिन्यात, भाजी घेताना एकच वाद चाललाय. काही जण म्हणतात हे सरकारचं काम आहे, आशाताई आहेत ना, आपण फुकट राबून सरकारला मोकळं का सोडायचं. काही म्हणतात ही सेवा आहे, यात पैशाचं नाव काढलंत तर सगळं नासेल. आणि तिसरे, बहुतेक वयाने मोठे, म्हणतात आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, पोरं झालीच ना?

मला वाटतं तिन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. सेवा की पगार, असा हा प्रश्नच नाहीये. माझं म्हणणं सरळ आहे: गट चालू राहिलाच पाहिजे, घरी जाणारी माणसं बिनपैशाचीच असावीत, पण त्यांना शोधणारी, शिकवणारी, कुणाकडे कोण जाणार हे जुळवणारी आणि रात्री साडेनऊला त्यांचा फोन उचलणारी एक व्यक्ती पगारी असली पाहिजे, आणि तो पगार लोकांच्या वर्गणीवर नाही तर सार्वजनिक पैशातून यायला पाहिजे. हे सगळ्यांना थोडं थोडं खूश करणारं मधलं उत्तर नाहीये, उलट याने तिन्ही बाजू माझ्यावर रागावल्यात.

"आमच्या वेळी" वाल्यांपासून सुरुवात करते कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. खरंच त्यांच्या वेळी गट नव्हता, कारण अख्खी व्यवस्थाच होती. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीबाहेर पाय नाही, सकाळी मालिशवाली, मग शेक-शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसं, शेजारणी बाळंतविडा घेऊन यायच्या आणि येता-जाता बाळाकडे बघून जायच्या. यातल्या काही गोष्टी आजच्या डॉक्टरांना पटणार नाहीत, तो मुद्दा वेगळा, पण एक गोष्ट पक्की होती की बाळंतीण एकटी नसायची. आता मला सांगा, धायरीत नवव्या मजल्यावर राहणारी, माहेर परभणीचं, आईला गुडघेदुखी आणि घरी आजारी वडील, नवरा शिफ्टमध्ये, तिने ही व्यवस्था कुठून आणायची? आणि दुसरं म्हणजे ती जुनी व्यवस्था फुकट होती हा समज मला अजिबात मान्य नाही. सुईणीला लुगडं-चोळी, धान्य, नारळ मिळायचं, मालिशवालीला तिचं ठरलेलं असायचं, आणि ज्यांना काहीच मिळायचं नाही त्या घरातल्या आत्या-मावश्या, विधवा काकू, ज्यांच्या वेळेची किंमत कुणी कधी मोजली नाही. न मोजलेली गोष्ट आणि फुकट गोष्ट या दोन वेगळ्या असतात. त्या काकूला "नाही, मला नाही जमणार" म्हणायची सोय होती का? नव्हती. म्हणजे आपण ज्याला घरचं प्रेम म्हणून आठवतो त्यात बराच भाग नाइलाजाचा होता. आणि ज्यांना घरच नव्हतं त्यांचं काय व्हायचं तेही याच पुण्याला माहितीये, म्हणूनच तर १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं. परंपरेच्या सोयी परंपरेत बसणाऱ्या बाईलाच मिळायच्या.

आता आशाताईंचा मुद्दा, जो सगळ्यात वजनदार आहे आणि ज्याला आमच्यातले सेवावाले उत्तरच देत नाहीत. आशा योजना २००५ ची. कागदोपत्री आशाताई "स्वयंसेविका" आहे, म्हणून तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन, ताप, अंग गार पडलंय का, दूध ओढतंय का हे बघायचं, फॉर्म भरायचा, आणि या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी संपावर होत्या, आझाद मैदानात उन्हात बसल्या होत्या. जो म्हणतो की "स्वयंसेवक" हा शब्द बायकांना कमी पैशात राबवायला वापरतात, त्याच्यापुढे मी काय बोलणार, तो बरोबरच बोलतोय. अंगणवाडी १९७५ पासून आहे आणि तिथल्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, सत्तेचाळीस वर्षं. आणि हे फक्त इथलं नाही. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या कुटुंबांसाठी 'शुअर स्टार्ट' नावाची सरकारी केंद्रं होती, २०१० नंतर त्यांचा निधी कापत गेले आणि त्याच काळात तिथले पंतप्रधान 'बिग सोसायटी'ची भाषणं देत होते की नागरिकांनीच स्वयंसेवेने पुढे यावं. स्वयंसेवक म्हणजे कपातीवर टाकायची शाल, हा संशय हवेतून आलेला नाहीये.

पण म्हणून काय, कुणी आपणहून कुणाकडे जायचंच नाही? मी यासाठी एक साधी कसोटी लावते. "नाही" म्हणता येतं का? मी या आठवड्यात माझ्या मुलाची परीक्षा म्हणून गेले नाही तर माझं काही बिघडत नाही, कुणी माझे पैसे कापत नाही, कुणी मला नोटीस देत नाही, ती माझी स्वयंसेवा. आशाताई ४२ व्या दिवशी गेली नाही तर तिला विचारणा होते, पैसे अडकतात, ती नोकरीच आहे आणि तिला नोकरीचाच पगार मिळाला पाहिजे. या दोन गोष्टींना एकच नाव आहे म्हणून त्या एक होत नाहीत. आणि आमचा गट आशाताईची जागा घेतच नव्हता. शहरात आशा मुख्यतः वस्त्यांसाठी नेमलेल्या असतात, सोसायटीच्या नवव्या मजल्यावर त्या जाणं अपेक्षितच नसतं, आणि वस्तीत सुद्धा एका ताईकडे कितीतरी घरं, डोक्यावर दहा सर्व्हे, तिच्याकडे वजनकाटा आहे पण दोन तास नाहीयेत. आमच्याकडे वजनकाटा नव्हता, दोन तास होते. एका वस्तीतल्या आशाताईच आम्हाला सांगायच्या, अमक्या घरी जा, बाळ बरंय पण पोरगी माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघून बोलते. तिच्या फॉर्ममध्ये भिंतीकडे बघण्याचा रकाना नव्हता.

भारतात बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या बायका किती, यावरचे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो आकडा मांडला गेला तो साधारण २२ टक्के होता, म्हणजे पाचात एक. पाचात एक! आणि आपण "बाई, आनंदाची गोष्ट आहे, रडतेस काय" असं म्हणून मोकळे. गोव्यातल्या एका जुन्या अभ्यासात, २००२ चा, असाच आकडा आला होता आणि तिथे मुलगी झाली म्हणून, गरिबी म्हणून, नवऱ्याची मारहाण म्हणून हे नैराश्य वाढतं हेही दिसलं होतं. ही काय नुसत्या गोळीने जाणारी गोष्ट आहे?

इथे मला विरोधकांचा अजून एक मुद्दा मान्य करावा लागतो, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचतो. नुसते स्वयंसेवक पाठवल्याने फरक पडतोच असं नाही. ब्रिटनमधली होम-स्टार्ट ही संस्था १९७३ ला लेस्टर गावात सुरू झाली, आईबाप असलेले स्वयंसेवक लहान मुलांच्या घरी आठवड्याला जातात, आमचा गट जवळपास त्याच धर्तीवर होता. २००४ मध्ये त्यांचं मोजमाप झालं तेव्हा काय दिसलं, तर ज्यांच्याकडे स्वयंसेवक गेले त्या आया सावरल्या, पण ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही त्याही जवळपास तेवढ्याच सावरल्या. आपल्या मुंबईत ४८ वस्त्यांमध्ये २००६ ते २००९ मध्ये बायकांचे गट चालवून बघितले, नवजात बाळांच्या बाबतीत उठून दिसेल असा फरक नाही आला. हे लपवून मी गट चालवा म्हणणार नाही. पण हेच अर्धं सांगून थांबणंही बरोबर नाही, कारण झारखंड-ओडिशात तसेच गट चालवले तेव्हा तीन वर्षांत नवजात बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. गोव्यात नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांवर जो प्रयोग झाला, त्यात शेजारपाजारच्या साध्या बायका, स्वतः आया झालेल्या, कसलीही डिग्री नसलेल्या, घरी जाऊन बोलायच्या, आणि सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या आयांचं प्रमाण त्यांच्याकडे जास्त निघालं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, आणि पाकिस्तानात रावळपिंडीजवळ हाच प्रयोग केला तेव्हा सहा महिन्यांच्या मोजमापात तोही दिसला नाही. मग यातून काय घ्यायचं? मी हे घेते की "स्वयंसेवक चालतात की नाही" हा प्रश्न "औषध चालतं का" इतकाच मोघम आहे. कुठलं, कुणाला, किती दिवस, आणि देणाऱ्याला काय शिकवलंय? आणि होम-स्टार्टच्या त्या अभ्यासातल्या आयांना भेट मोलाची वाटली होती, हेही त्यातच आहे. एकटं न वाटणं ही मोजमापाच्या तक्त्यात बसली नाही तरी खरी गोष्ट आहे.

गडचिरोलीचं उदाहरण आमच्या मीटिंगमध्ये रोज येतं, आणि दोन्ही बाजू ते चुकीचं वापरतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ ला ते जगाने वाचलं, २०११ ला त्यावरून देशाचा कार्यक्रम ठरला. सेवावाले म्हणतात बघा, गावातली साधी बाई. हो, साधी बाई, पण तिच्यामागे काय होतं ते बघितलंत का? सततचं प्रशिक्षण, नियमित येऊन काम तपासणारी माणसं, तिला कामाचा मोबदला, आणि अडलं तर विचारायला डॉक्टर. आरोग्यदूत, म्हणजे ती शिकवलेली गावातली बाई, आपल्याला दिसते आणि तिच्यामागची संस्था दिसत नाही, म्हणून आपण समजतो की बाईला नुसतं पाठवलं की झालं.

आमचा गट का पडला? लोकांच्या मनातली माया आटली म्हणून नाही. मी सगळ्यांशी बोलले. एक जण म्हणाली मला कुणी पुढचं घर दिलंच नाही, मी वाट बघत राहिले. एक जण अशा घरी जायची जिथे बाई म्हणाली होती की मला बाळाला बाल्कनीतून टाकावंसं वाटतं, आणि ते ऐकून ही घरी आल्यावर हिचे हात थरथरत होते, पूर्वी ती सिस्टरना फोन करायची आणि सिस्टर तासाभरात डॉक्टर गाठायच्या, आता तिने कुणाला करायचा? तिने नवऱ्याला सांगितलं, नवरा म्हणाला नको जाऊस तिथे. (ती आई आता बरी आहे, वेळेत मानसोपचार मिळाले, तिच्या बहिणीने धावपळ केली म्हणून.) एकीचा पीएमपीचा आणि रिक्षाचा खर्च महिन्याला पाचशेच्या वर जायचा, ती स्वतः पोळ्या लाटून घर चालवते, सांगायला लाजली, हळूच यायची बंद झाली. पुरुषांपैकी दोघं, जे नव्या बापांशी बोलायचे, त्यांची तर कुणी आठवणच ठेवली नाही, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला सुट्टीचा कायदाच नाही आपल्याकडे, त्याला दोन शब्द विचारणारं तेवढंच कुणीतरी होतं. म्हणजे बघा, वेळ देणारी माणसं होती, वेळ हवी असणारी घरं होती, मधला माणूस गेला आणि दोन्हीकडे लोक वाट बघत बसले.

सेवावाल्यांना मी सायन हॉस्पिटलचं उदाहरण देते. १९८९ मध्ये तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आया आपलं जास्तीचं दूध देतात, फुकट देतात, विकत नाहीत, आणि ते दुसऱ्या कुणाच्या कमी दिवसांच्या बाळाच्या पोटात जातं. यापेक्षा शुद्ध सेवा कुठली? पण ते दूध तपासणारी, पाश्चराइझ करणारी, बाटलीवर लेबल लावणारी, फ्रीजचं तापमान बघणारी माणसं पगारी आहेत आणि त्याने त्या आईच्या दानाला कुठेच डाग लागत नाही. उलट ती माणसं नसती तर दूध नासलं असतं. रक्तदानाचंही तेच. रक्त देणारा बिस्किट-चहावर खूश असतो, सुई टोचणारा टेक्निशियन पगार घेतो, कुणी म्हणतं का की याने रक्तदानाचा भाव गेला? मग बाळंतिणीच्या बाबतीतच आपल्याला सिस्टरनी सहा वर्षं स्वतःच्या पेन्शनमधून फोन रिचार्ज करावे असं का वाटतं? मला याचं एकच उत्तर सापडतं, की हे काम बाईचं बाईकडे आहे, घरातलं आहे, आणि घरातल्या कामाला आपण अजून काम म्हणायला तयार नाही.

आणि त्यागाची परंपरा सांगणाऱ्यांनी पुण्याचाच इतिहास नीट बघावा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, आगरकर, मग गोखले, आजीव सदस्य झाले, वीस वर्षं संस्थेला द्यायची शपथ, आणि दरमहा ७५ रुपये. बाहेर त्यांना कितीतरी जास्त मिळालं असतं, त्यागच होता तो, पण ७५ रुपये होते! पुढे १९०५ ला गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हाही सदस्यांच्या निर्वाहाची सोय संस्थेने बघायची असंच ठरवलं. त्या लोकांना कळलं होतं की जो माणूस सगळा वेळ देतो त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, नाहीतर तो दोन वर्षांत थकून जाईल किंवा फक्त खाऊनपिऊन सुखी असलेलाच ही सेवा करू शकेल. दोन तास देणाऱ्याला पैसे नकोत. सगळा दिवस देणाऱ्याला हवेत. एवढा साधा फरक शंभर वर्षांपूर्वी कळत होता.

मग पैसे सार्वजनिकच का, सोसायट्यांनी वर्गणी काढावी, एखाद्या कंपनीने द्यावेत, असं आमचे खजिनदार म्हणतात. त्यांची अडचण मला समजते, सरकारी पैसा आला की फॉर्म येतात, फोटो येतात, उद्घाटन येतं. पण वर्गणी ज्या सोसायटीकडून येईल ती म्हणेल आधी आमच्या बिल्डिंगमध्ये या, आणि कालव्याच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीतली, वॉचमनची बायको, जिच्याकडे खरं तर आधी जायला हवं, ती यादीत खाली जाईल. कंपनीचा पैसा तीन वर्षांनी दुसऱ्या विषयाकडे वळतो. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा मालकांच्या बाजूने हेच चाललं होतं की याचा भार कुणी घ्यायचा, आणि डॉ. आंबेडकर उभे राहून म्हणाले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण जपणं हे मुळात सरकारचं काम असल्याने हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे असंही त्यांनी मान्य केलं होतं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरी असलेल्या बाईला. जिला नोकरी नाही तिला काय मिळतं?

आणि रक्कम तरी किती मोठी आहे? आम्ही हिशोब मांडला. समन्वयक, अर्धवेळ, महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. तीस जणांचा प्रवास आणि फोन, माणशी महिना दोनशे, वर्षाचे बहात्तर हजार. वर्षातून दोनदा प्रशिक्षण, सगळं धरून चाळीस हजार. तीन लाखांच्या आत बसतं. आम्ही वर्षाला साठेक घरी जायचो, म्हणजे घरामागे पाच हजारही नाही. आमच्याकडे बारशाचा हॉल त्यापेक्षा महाग आहे.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. बहुतेक लोक फूटपाथ, दिवे, बाकडी सुचवतात, आणि ती हवीतच, पण यंदा आम्ही पंधरा-वीस जणी मिळून हे काम लिहून देणार आहोत, आणि ते तिथे बसत नसेल तर कुठे बसतं ते विचारत फिरणार आहोत, आरोग्य विभाग, महिला व बालकल्याण, जिथे म्हणतील तिथे. एक अट आम्ही आमच्याकडूनच घालतोय, की समन्वयकाचे पैसे मागताना आशाताईच्या एका रुपयालाही हात लागता कामा नये, आणि उद्या कुणी म्हणालं की तुमचे स्वयंसेवक आहेत तर आता इथली आशा कमी करू, तर आम्ही त्या दिवशी जायचं बंद करू आणि आशाताईंच्या बाजूला जाऊन बसू.

तोपर्यंत सिस्टरची वही माझ्याकडे आहे. निळ्या कव्हरची, मागच्या पानांवर अकरा नावं, ज्यांना आम्ही येतो म्हणून सांगितलं होतं आणि गेलो नाही. त्यातल्या एकीला मी मागच्या मंगळवारी भेटले, बाळ आता पाच महिन्यांचं झालंय, कुशीवर वळतं. दार उघडल्यावर मी कोण ते सांगितलं, तर ती म्हणाली, "हो, तुमचा फोन आला होता ना, मी त्या आठवड्यात रोज अकरा वाजता केस विंचरून बसायचे."